लहानूजींचे कोरडे बूट

५ मार्च १९७८, रविवार

ही डायरी कॉम्प्रेसरचं तेल विकणाऱ्या माणसाने नव्या वर्षात दिली होती. दोन महिने टेबलाच्या खणात पडून होती. उद्यापासून लोण्याची खोली सुरू होते आहे, म्हणून आज काढली. कामाच्या नोंदी कामाच्या वहीत जातील. इथे काय लिहायचं ते ठरवलेलं नाही.

कामठी रोडवरच्या आमच्या शीतगृहात आजवर इतवारीच्या व्यापाऱ्यांचे बटाटे आणि मिरच्या राहत. त्या खोल्यांत थंडी असते, पण माणूस सदरा घालून काम करू शकतो. लोण्याची खोली वेगळी. शून्याखाली अठरा. तिथे भिंतीला ओला हात लागला तर चिकटतो. मी इथला सुपरवायझर आहे, मशीनचा डिप्लोमा आहे, आणि अशी खोली मीही पहिल्यांदाच चालवणार आहे.

घरी एकटाच असतो. देवकी जानेवारीपासून रामटेकला तिच्या भावाकडे आहे. आमचा विनू डिसेंबरात गेला. सात महिन्यांचा होता. छातीत कफ झाला होता. भन्ते येऊन गेले, लोक येऊन गेले, तिसऱ्या दिवशी मी कामावर गेलो. एक बेअरिंग बदलायचं होतं.

दुपारी भात केला. खाली लागला. तसाच खाल्ला.

९ मार्च

लोण्याचा पहिला ट्रक आला. आठ हमाल आळीपाळीने आत गेले. शेठजींनी सगळ्यांना नवे गमबूट दिले आहेत, आत नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, जाड तळ, आणि लोकरी मोज्यांचा एकेक जोड. बूट चांगले आहेत. मी हातात घेऊन पाहिले.

बाबाराव हा हमालांतला बोलका माणूस. तो सगळ्यांच्या वतीने आला. म्हणाला, "साहेब, एका जोडानं नाई भागत. भायेर ऊन, अंदर बरफ. पाय भायेरच घामानं भिजते, मंग अंदर गेलो का तोच घाम थंडा पडते. दुसरा जोड पायजे, आन् बूट वाळवाले जागा पायजे."

मी म्हणालो, शेठजींना विचारतो.

ओमप्रकाशजी शेठ म्हणाले, "देखो गजभिये, बूट दिले, नमदा दिला. आता मोज्यांची दुकान लावू का? खरंच गरज असेल तर तू तपासून सांग. तू सांगशील ते मी मानेन."

१४ मार्च

संध्याकाळी पाळी सुटल्यावर सगळ्यांचे बूट ओळीने ठेवायला लावले आणि एकेका बुटात हात घातला. बाबाराव खोटं बोलत नव्हता. सगळे आतून ओले. नमदा दाबला की बोटांना पाणी लागतं. मोजे पिळले तर थेंब पडले असते.

एकच जोड कोरडा निघाला. अगदी दुकानातून आणल्यासारखा. तो लहानूजींचा.

लहानूजी आमचे सगळ्यात जुने हमाल. पंचेचाळीसच्या आसपास असतील. शांत माणूस. विचारलं, "लहानूजी, तुमच्या पायाला घाम येत नाही का?"

"नाई येत साहेब. आंगाले येते. पायाले नाई."

"आणि थंडी?"

"थंडी भी नाई वाजत. मी तर म्हणतो, मलेच धाडत जा अंदर. याइले उगाच तरास."

बाकीचे हसले. मला बरं वाटलं. तक्रार न करणारा माणूस भेटला की कामात बरं वाटतं. त्यांनी पाय पुसले तेव्हा टाचांना उन्हाळ्यातल्या शेतासारख्या भेगा दिसल्या. आयुष्यभर अनवाणी चाललेला माणूस. कातडं टणक झालं असणार.

२२ मार्च

तपासणी केली. एका पायात कोरडा मोजा, दुसऱ्यात पाण्यात बुडवून पिळलेला. तसं लोण्याच्या खोलीत जायचं आणि फरक सांगायचा. आधी बाबाराव गेला. दहा मिनिटांत बाहेर. ओला पाय धरून बसला आणि शिव्या देत राहिला. म्हणाला, बोटांवर कोणी हातोडी मारून राहिलं असं वाटते.

मग लहानूजी गेले. ते अर्धा तास राहिले. मी हाक मारली तेव्हा आले.

"कोणता पाय जास्त गार पडला?"

त्यांनी दोन्ही पायांकडे पाहिलं. "सारखेच हायेत साहेब. काई फरक नाई."

ओल्या पायाची बोटं पांढरी पडली होती. त्यांनी ती चोळली, थोड्या वेळाने रंग आला. मी पुन्हा विचारलं, दुखतं का. नाही म्हणाले.

बाबारावला दुसरा जोड हवा आहे, म्हणून तो दुखलं म्हणणारच. लहानूजींना काही नको आहे. ज्याला काही नको त्याचं म्हणणं खरं धरावं, असा मी विचार केला आणि शेठजींना लिहून दिलं: बूट चांगले आहेत, ओलाव्याने विशेष फरक पडत नाही, सवयीचा प्रश्न आहे.

शेठजी खूश झाले.

२ एप्रिल, रविवार

देवकीच्या भावाचं पोस्टकार्ड आलं. ती बरी आहे, जेवते, एकदा येऊन जा. गेलो नाही. इतक्यात लोण्याची खोली सोडून जाता येणार नाही.

जाताना ती म्हणाली होती, "तुम्हाले काई वाटतच नाई का?" मी बॅग रिक्षात ठेवत होतो.  वाटत असेलच ना. बापाला वाटणारच. पण कुठे वाटतं ते हात लावून दाखवता येत नाही. तिच्या डोळ्यांना पाणी यायचं, माझ्या नाही. प्रत्येकाची घडण वेगळी.

आज कपडे धुतले.

८ एप्रिल

दुपारी चहाच्या वेळी काहीतरी जळल्याचा वास आला. सगळे इकडेतिकडे पाहू लागले. बाबाराव ओरडला, "लहानूजी, बिडी!" बिडी जळत बोटांपर्यंत आली होती आणि लहानूजी बोलतच होते. त्यांनी ती टाकली, बोट पाहिलं, सदऱ्याला पुसलं. म्हणाले, ध्यान नव्हतं.

सहनशक्ती म्हणावी ती ही. चुलीवरून काढलेल्या चहाचा पेला ते फडकं न घेता धरतात. मी पाहिलं आहे.

१७ एप्रिल

ऊन वाढलं. ट्रकपासून दारापर्यंतच माणूस भिजतो. बाबारावच्या आणि आणखी दोघांच्या पायांची बोटं सुजली आहेत, लाल होऊन खाजतात. बाबारावने पुन्हा मोज्यांचा विषय काढला. मी शेठजींकडे गेलो नाही. माझंच लिहून दिलेलं आहे.

लहानूजी आता स्वतःच्या पाळीखेरीज दुसऱ्यांच्या पाळीतही आत जातात. कोणाचे पाय दुखले की हे उठतात. त्यामुळे सगळे त्यांना मानतात. मीही दोनदा सगळ्यांसमोर म्हणालो, यांच्याकडून शिका.

३ मे

लहानूजींच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा सावनेरकडच्या कोळशाच्या खाणीत आहे. महिनाअखेरीला लग्न. पेढा दिला. पेढा देताना त्यांची करंगळी आणि शेजारचं बोट सरळ होत नव्हतं. विचारलं तर म्हणाले, पेटी पडली होती कधीतरी. मग हात मागे घेतला.

पेढा दिवसभर टेबलावर होता. संध्याकाळी मुंग्या लागल्या.

११ मे, गुरुवार

सकाळी लोण्याच्या खोलीतल्या नळ्यांवरचा बर्फ पाणी मारून उतरवला. फरशीवर पाणी होतं, पुसायचं राहिलं. लहानूजी दुपारपर्यंत आत-बाहेर करत होते. चालताना काही वेगळं दिसलं नाही. मी दोनदा त्यांच्या समोरून गेलो.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी उजवा बूट काढायला घेतला. निघेना. जोर लावला तेव्हा निघाला, आणि शेजारी बसलेला बाबाराव उठून मागे सरकला. बुटाच्या तळाला पेटीच्या पट्टीचा तुकडा अडकला होता. त्याचा खिळा तळ फोडून, नमदा फोडून, पायात गेला होता. त्या भोकातून पाणी शिरत राहिलं होतं. नमद्यात बर्फ झाला होता. मोजा पायाला चिकटला होता. रक्त फारसं नव्हतं, तेही गोठलेलं. पुढची बोटं मेणबत्तीसारखी पांढरी आणि कडक.

लहानूजींनी खिळ्याकडे पाहिलं, मग पायाकडे. कोणाचा तरी दुसऱ्याचाच पाय असावा तसं.

बाबाराव हळूच म्हणाला, "लहानूजी, तुमाले दुखलं नाई?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, बूट खराब झाला."

रिक्षातून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पाय कोमट पाण्यात धरला आणि मला म्हणाले, आता हे ओरडतील, यांना धरा. मी खांदे धरले. ते ओरडले नाहीत. डॉक्टरांनी वर पाहिलं. मग त्यांनी लहानूजींची बाही वर सारली. दंडावर फिकट चट्टा होता, हाताच्या पंजाएवढा. ते म्हणाले, सोमवारी दुसरे डॉक्टर येतात, ते पाहतील.

१५ मे, सोमवार

आज जे पाहिलं ते लिहून ठेवतो.

या दुसऱ्या डॉक्टरांचे केस पांढरे होते. त्यांनी लहानूजींना बाकावर झोपवलं. कापसाचा बारीक धागा वळला. म्हणाले, "डोळे मिटा. मी जिथे हात लावीन तिथे 'हो' म्हणायचं."

मांडीला लावला. "हो." गुडघ्याला. "हो." गुडघ्याच्या थोडं खाली. "हो."

मग डॉक्टर खाली आले. नडगी. घोटा. पावलाची वरची बाजू. अंगठ्याजवळ, टाचेजवळ, पुन्हा घोट्यावर. खोलीत आवाज नव्हता. दुसरा पाय घेतला. धागा फिरत राहिला. मग त्यांनी धागा ठेवून पेनाचं टोक लावलं.

लहानूजी डोळे मिटून पडले होते, कान देऊन. थोड्या वेळाने म्हणाले, "करा ना डॉक्टरसाहेब सुरू. मी तयार हावो."

पार्वतीबाई, त्यांची बायको, पायाशी उभी होती. तिने पदर तोंडात धरला. मी खिडकीबाहेर पाहिलं.

डॉक्टरांनी मला बाहेर समजावून सांगितलं. कुष्ठरोग. बहुतेक चार-पाच वर्षांपासून. या रोगात नसा मरतात. थंड कळत नाही, गरम कळत नाही, खिळा कळत नाही. पायाला घाम येणंही थांबतं. म्हणून टाचा फुटतात. म्हणून त्यांचे बूट कोरडे असत.

मी विचारलं, "त्यांना माहीत होतं?"

"चट्टा माहीत असणार. किती गेलंय ते नसेल."

पार्वतीबाई जिन्यात भेटली. म्हणाली, "मले म्हणे, कोनाले सांगू नको वं. पोरीचं होऊ दे, मंग जाऊ दवाखान्यात. मी भाकर वाढता वाढता त्यायच्या हाताकडे पाहो. काय करू भाऊ. वस्तीत कोन पानी भरू देते मंग?"

मग म्हणाली, "त्या खोलीत बरं वाटे त्यायले. म्हणत, तिथं माह्यासारखा कोनी नाई. साहेब भी तारीफ करते."

१६ मे

घरी आल्यावर दाराला कडी लावली आणि कापूस काढला. भीती वाटत होती हे खरं. त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं चहा घेतला आहे. डॉक्टर म्हणाले होते, असा लागत नाही, औषध सुरू झालं की मग तर मुळीच नाही. तरी.

डोळे मिटून पायावरून कापूस फिरवला. सगळीकडे कळला. टाचेला, बोटांच्या बेचक्यात, सगळीकडे. गुदगुल्या झाल्या.

तसाच बसून राहिलो. मला सगळं कळत होतं. स्वयंपाक केला नाही.

१९ मे

बाबारावचे बूट घालून मी आत गेलो. एका पायात कोरडा मोजा, एका पायात ओला. मार्चमध्ये हे मी स्वतः करायला हवं होतं. तेव्हा सुचलंच नाही. माझ्या पायाचा प्रश्न आहे असं वाटलं नव्हतं.

कोरड्या पायाला सुरुवातीला काही नाही. ओल्या पायाला लगेच चटका बसल्यासारखं झालं. मग बोटं दुखायला लागली. बाबाराव म्हणाला तसंच, हातोडी. दारापाशी यावं वाटलं, पण थांबलो. मग दुखणं कमी झालं. पाय शांत झाला. बरं वाटलं. आता सवय झाली असं मनात आलं, आणि मग लक्षात आलं की बोटं हलवतो आहे की नाही तेच कळत नाही. तेव्हा बाहेर पडलो. कोरडा पाय तोवर नुसता गार होता.

गोष्ट साधी आहे, आणि मला ठाऊक होती. गेल्या वर्षी मी इथल्या थंड नळ्यांभोवती थंडी अडवायला लावलेला सगळा बुच बदलून घेतला. का, तर पाणी शिरून तो भिजला होता. भिजलेला बुच थंडी अडवत नाही. त्याच्यात अडकलेली हवा थंडी अडवते, आणि पाणी शिरलं की हवा निघून जाते. नमद्याचंही तेच. नळीचं मला कळलं, पायाचं कळलं नाही.

बाहेर आल्यावर पाय पूर्ववत होताना फार दुखलं. भिंत धरून उभा राहिलो. बाबाराव पाहत होता. त्याने पाणी कोमट करून आणलं.

२० मे

शेठजींकडे गेलो. नवीन लिहून दिलं: मार्चमधलं माझं म्हणणं चूक होतं. ज्या माणसाला पायाला काही कळत नव्हतं त्याला मी विचारलं, आणि ज्यांना कळत होतं त्यांचं ऐकलं नाही.

शेठजींनी वाचलं, घडी केली. म्हणाले, "हे आता कशाला? खिळा त्याच्या चुकीने लागला. बीमारी त्याची. त्याला घरी बसव. आणि हमाल लोकांत बोभाटा नको, नाही तर कोणी आत जाणार नाही."

मी म्हणालो, "दुसरा जोड आणि वाळलेले बूट मिळेपर्यंत मी कोणाला आत पाठवणार नाही."

"आणि लोणी?"

"मी काढीन जेवढं निघेल तेवढं."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "गजभिये, तू असा नव्हतास."

मी कसा होतो ते मलाही सांगता आलं नसतं. लहानूजींचं विचारलं. औषध सुरू झालं आहे, डॉक्टर लिहून देतील, पाय बरा झाला की बाहेरचं काम द्या. शेठजींनी चष्मा पुसून पुन्हा चढवला. मग म्हणाले, समोरच्या फाटकावर नको, तिथे व्यापारी येतात. मागच्या फाटकावर बसव. दिवाळीपर्यंत बघू.

मी हो म्हणालो. जास्त मागायला हवं होतं का, कळत नाही.

२४ मे

मोजे आले. कॉम्प्रेसरच्या शेडमध्ये भिंत गरम असते, तिथे फळ्या ठोकून घेतल्या. सुटलेल्या पाळीचे बूट आणि नमदे तिथे वाळतात. बाहेरून आलेला माणूस दारापाशी पाय पुसतो, कोरडा मोजा घालतो आणि मगच आत जातो. बाबाराव उभा राहून सगळ्यांचे मोजे तपासतो, स्वतःचाच कारखाना असल्यासारखा.

लहानूजींच्या डाव्या बुटाला कोणी हात लावायला तयार नव्हतं. तो कोपऱ्यात पडून होता. पाण्याचा माठही हमालांनी बदलून घेतला. मी सगळ्यांना बसवून डॉक्टरांनी सांगितलेलं सांगितलं. अर्ध्यांनी ऐकलं. एक जण म्हणाला, डॉक्टराचं काय जाते.

बाबाराव नंतर एकटा आला. "साहेब, खरं सांगू का. मले भेव वाटते. पन त्या मानसानं माह्या पाळ्या केल्या. माही बोटं सुजली होती तवा." जरा थांबला. "मी भेटाले जाईन. चहा नाई घेनार. पन जाईन."

तो संध्याकाळीच गेला होता. पार्वतीबाईने सांगितलं. अंगणात उभा राहून बोलला. शेवटी चहाही घेतला.

३१ मे

लहानूजींच्या उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. बाकीचा पाय राहिला. डॉक्टर म्हणाले, आता रोज संध्याकाळी दोन्ही पाय डोळ्यांनी पाहायचे. जे पायाला कळत नाही ते डोळ्यांनी पाहायचं, आणि जन्मभर हेच करायचं.

मुलीचं लग्न काल सावनेरला झालं. ते गेले नाहीत. पाहुण्यांना पार्वतीबाईने सांगितलं, पायात खिळा गेला. ते खोटं नव्हतं. मी विचारलं, मुलाकडच्यांना पुढे कळलं तर? लहानूजी म्हणाले, "कळनच साहेब. पोरगी सोताच सांगतो म्हणते जावयाले. माह्यापेक्षा धीट हाये ते."

मी त्यांना म्हणालो, तुम्हाला आत पाठवायला नको होतं. ओला मोजा घालून तर नकोच. बोटं पांढरी झाली होती, मी पाहिली होती.

ते म्हणाले, "मी भी पाहिली होती."

मी उठताना त्यांनी विचारलं, "बाई आल्या का रामटेकहून?" त्यांना माहीत असेल असं मला वाटलं नव्हतं. नाही म्हणालो. ते म्हणाले, "काहून नाई गेले तुमी?"

४ जून, रविवार, रामटेक

सकाळच्या बसने आलो. देवकीचा भाऊ शेतावर धानाच्या बांध्यांकडे गेला होता. ती ओसरीत तांदूळ निवडत होती. वाळली आहे. मला पाहून उठली, पाणी दिलं, पुन्हा बसली.

काय बोलायचं ते ठरवून आलो नव्हतो. लहानूजींचंच सांगायला लागलो. बूट, नमदा, खिळा, कापूस. ती तांदूळ निवडत ऐकत होती. "करा ना सुरू" असं ते म्हणाले ते सांगितलं तेव्हा तिचा हात थांबला.

"आता बाकीच्याइले भेटले का मोजे?"

"भेटले."

तिने सुपातला एक खडा काढून टाकला. मग म्हणाली, "एक विचारू? त्या दिवशी सकाळी तुम्ही विनूच्या पायात मोजे काहून घातले होते?"

मला कळलं नाही. "कोणत्या दिवशी?"

"तो गेला त्या दिवशी. डॉक्टर सांगून गेले होते. बाया यायच्या होत्या. मी भिंतीशी बसली होती. तुम्ही पेटीतून त्याचे मोजे काढले, मी विणलेले, आन् त्याच्या पायात घालून राहिले होते. एक आत ओलसर होता तर तो चुलीपाशी धरून वाळवला. मंग घातला. मी पाहत होती. मले वाटलं, याइले समजलंच नाई का पोरगं गेलं म्हणून. मंग तुम्ही उठले आन् सायकल पुसाले लागले. तेव्हापासून मले तुमच्याशी बोलताच नाई आलं."

मला यातलं काही आठवत नव्हतं. सायकल आठवत होती. मोजे नाही.

"आठवत नाई?"

"नाही."

तिने सूप बाजूला ठेवलं. मी तिला सांगायला गेलो की आठवत नाही म्हणजे मी केलंच नसेल, आणि त्याच वेळी हाताला आठवलं. टाच इतकी लहान होती की मोजा फिरून जायचा. दोन बोटांनी धरून सरळ करावा लागायचा. पाय गार होता. मी तो तळहातात धरून ठेवला होता, कारण गार होता.

मी देवकीला म्हणालो, "त्याचे पाय गार पडले होते."

"हो," ती म्हणाली.

मग छातीत दुखायला लागलं. मी ओसरीची कड धरली. वाटलं, उठावं, बसची वेळ पाहावी. देवकीने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "बसा. उठू नका आता."

मी बसून राहिलो.